तीन ऑक्टोबरचा भाव: हुआन सोटोच्या सौद्याचं प्रकरण

१ ऑगस्ट २०२२. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्क या बेसबॉल मैदानावर वॉशिंग्टन नॅशनल्सच्या हुआन सोटोने मॅक्स शर्झरला होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, ठोकला. शर्झर तेव्हा न्यूयॉर्क मेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) होता, पण २०१९ साली हे दोघं वॉशिंग्टनच्याच संघातून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकले होते. त्या रात्री वॉशिंग्टन हरलं. हरण्याचं कुणाला फारसं वाटलं नसावं, कारण त्या वर्षी संघाने १०७ सामने गमावले. लोक आले होते ते सोटोला एकदा बघून घ्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सॅन डिएगो पाद्रेसचा झाला.

व्यवहार असा होता. सॅन डिएगोला सोटो आणि फर्स्ट बेसमन जॉश बेल मिळाले. वॉशिंग्टनला मिळाले शॉर्टस्टॉप सी. जे. एब्रम्स, डावखुरा पिचर मॅकेन्झी गोर, आउटफिल्डर जेम्स वुड आणि रॉबर्ट हॅसेल, पिचर यार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. व्हॉइट हा मुरलेला खेळाडू, भरीला आलेला. तो कसा आला याची गंमत पुढे येईल. बाकीची पाच पोरं हा खरा भाव होता.

या सौद्यात कोण जिंकलं, हा वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं असं की आपण तो चुकीच्या मापाने मोजतो. इकडे सोटोचे होमरन, तिकडे वुडचे होमरन, आणि मध्ये तराजू. पण बेसबॉलमध्ये विकलं जातं ते माणसावरच्या हक्काचं आयुष्य. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२२ मध्ये किमान पगार ७ लाख डॉलर होता), पुढची वर्षं पगार लवादात ठरतो, आणि सहा वर्षांनंतर तो मोकळा, म्हणजे फ्री एजंट. ऑगस्ट २०२२ मध्ये सोटोची जेमतेम दोन महिने आणि दोन हंगाम एवढी मुदत उरली होती. प्लेऑफ ऑक्टोबरमध्ये होतात, म्हणजे प्लेऑफचे तीन ऑक्टोबर. सॅन डिएगोने खरेदी केले ते हे तीन ऑक्टोबर.

आपल्याकडे आयपीएलमुळे ट्रेड हा शब्द रुळला आहे. हार्दिक पांड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईकडे परतला, तो रोख व्यवहारात. अमेरिकेत मोठ्या खेळाडूबाबत असं होत नाही. तिथे चलन म्हणजे अठरा-एकोणीस-वीस वर्षांची पोरं. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, बसने गावोगाव फिरणाऱ्या या मुलांची दरवर्षी क्रमवारी लागते, आणि ती क्रमवारी जवळजवळ शेअर बाजाराच्या दरपत्रकासारखी वाचली जाते.

चव्वेचाळीस कोटींना नकार

सोटो डॉमिनिकन रिपब्लिकचा. २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी वॉशिंग्टनने त्याच्याशी १५ लाख डॉलरला करार केला आणि मे २०१८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये आला. त्याची ताकद सगळ्यांना दिसते, पण त्याची खरी जात दिसते ती न मारलेल्या चेंडूंत. पिचरने चार चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकले की बॅटरला बेस फुकट मिळतो, याला वॉक म्हणतात. सोटोने २०२१ मध्ये असे १४५ वॉक काढले. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू शांतपणे सोडणारा कसोटीतला फलंदाज आठवा, आणि तो चेंडू सोडल्यावर बोलरकडे बघत मातीत पाय घासत थोडा नाचतोय अशी कल्पना करा. त्या नाचाला सोटो शफल म्हणतात. पिचरांना तो बिलकूल आवडत नाही.

२०२० च्या छोट्या हंगामात त्याने .३५१ सरासरीने (म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३५१ हिट, यशस्वी फटके) नॅशनल लीगचं, मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचं, बॅटिंगचं विजेतेपद घेतलं. त्याच्या आधी इतक्या लहान वयात त्या लीगमध्ये ते कुणाला जमलं नव्हतं. २०१९ ची वर्ल्ड सिरीज चालू असतानाच त्याला एकविसावं लागलं होतं.

असा खेळाडू कुणी विकतं का? जून २०२२ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनचे जनरल मॅनेजर माइक रिझ्झो रेडिओवर सरळ म्हणाले होते की सोटोला आम्ही विकणार नाही. सहा आठवड्यांनी पत्रकार केन रोझेन्थाल यांनी बातमी दिली की सोटोने १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला आहे आणि क्लब आता त्याच्यासाठी येणाऱ्या बोली ऐकणार आहे.

आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, पण भागाकार करून बघा. वर्षाला सुमारे २ कोटी ९३ लाख. त्याच हंगामात शर्झरला मेट्स वर्षाला ४ कोटी ३३ लाख देत होते, आणि शर्झर अडतिसाव्या वर्षाकडे निघाला होता. तेवीस वर्षांच्या सोटोला पंधरा वर्षं त्या दरात बांधून घेणं हा क्लबसाठी स्वस्तातला व्यवहार होता. त्याचा एजंट स्कॉट बोरास. बोरासचा शिरस्ता जुना आहे: खेळाडूला फ्री एजंट होऊ द्यायचं, मग बाजार बघायचा. पोराला हाव सुटली असं तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सने त्याला तेवढ्याच पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख दिले. त्यानंतर हावेचा विषय कुणी काढला नाही.

वॉशिंग्टनची भीतीही खोटी नव्हती. संघाचा तारा ब्राइस हार्पर फ्री एजंट होऊन २०१९ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. त्याच वर्षाअखेर अँथनी रेंडन लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला. ज्याला धरून ठेवलं तो स्टीफन स्ट्रासबर्ग २४ कोटी ५० लाखांचा सात वर्षांचा करार करून पुढे जेमतेम आठ सामने पिच करू शकला. २०२१ च्या जुलैत शर्झर आणि ट्रे टर्नर लॉस एंजेलिस डॉजर्सला दिले गेले. त्यात लर्नर कुटुंबाने एप्रिल २०२२ पासून क्लब विकता येतो का हे बघायला सुरुवात केली होती. सोटो थांबणार नाही हे एकदा मान्य केलं, की प्रश्न फक्त कधी विकायचा एवढाच उरतो. आणि तीन ऑक्टोबर शिल्लक असलेला सोटो हा दोन ऑक्टोबरवाल्या सोटोपेक्षा बराच महाग.

कुजबुजीचा धंदा

ट्रेडच्या अफवांना आपण करमणूक समजतो. या प्रकरणात त्यांनी काम केलं.

४४ कोटींची बातमी बाहेर कुणी सोडली ते कधी अधिकृतपणे सांगितलं गेलं नाही. पण तिचा फायदा कुणाला, एवढं विचारायला हरकत नाही. आकडा फुटल्यावर चाहत्यांना कळलं की क्लबने हात आखडता घेतलेला नाही. विकायची वेळ आली तर दोष वाटून जाणार. सोटो उघडपणे नाराज झाला. आपण आपल्या बाजूने सगळं गुप्त ठेवलं होतं आणि असं फुटल्याचं वाईट वाटलं, असा त्याचा सूर होता. दोनच दिवसांनी त्याने डॉजर स्टेडियमवर होमरन डर्बी, म्हणजे होमरन मारण्याची स्पर्धा, जिंकली, हा त्याचा स्वभाव. त्याच महिन्यात त्याच मैदानात प्रेक्षक त्याला ‘भावी डॉजर’ म्हणून हाका मारत होते.

पुढचे दोन आठवडे नावं फिरत राहिली: डॉजर्स, सेंट लुईस कार्डिनल्स, सॅन डिएगो. अशा वेळी प्रत्येक बातमीमागे कुणीतरी भाव करत असतो. विकणारा क्लब म्हणतो तीन संघ शर्यतीत आहेत, म्हणजे तिघांनाही घाम फुटावा. घेणारा क्लब म्हणतो अमुक पोरगं आम्ही देणार नाही, म्हणजे समोरच्याने यादीत खालचं नाव बघावं. सेंट लुईस तरुण आउटफिल्डर डिलन कार्लसनला सोडायला नाखूष असल्याचं तेव्हा छापून आलं. कार्लसन पुढे त्यांच्याकडे फुलला नाही, आणि २०२४ मध्ये त्याच क्लबने त्याला टँपा बेला देऊन टाकलं. प्रॉस्पेक्टच्या बाबतीत हे वारंवार होतं. बाजारात तुरी असतात आणि इकडे भांडणं लागलेली.

सॅन डिएगोचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर मात्र वेगळ्या मुशीतले. त्यांना स्वतः हेरलेली पोरं जपून ठेवण्यात रस कमी, ती वापरण्यात जास्त. मालक पीटर साइडलर यांना वर्ल्ड सिरीज हवी होती. पाद्रेस ती १९८४ आणि १९९८ मध्ये खेळून हरले होते, एकदाही जिंकले नव्हते. सोटोच्या आदल्याच दिवशी प्रेलरनी मिलवॉकीकडून जॉश हेडर उचलला होता, तो बेसबॉलमधल्या अव्वल क्लोजरांपैकी, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरांपैकी, एक. तरी त्यांचा हात थांबला नाही.

सौदा ठरला, बातम्या झळकल्या, आणि मग तो एका माणसापाशी अडला. मूळ यादीत व्हॉइट नव्हता, एरिक हॉस्मर होता. सॅन डिएगोला हॉस्मरच्या आठ वर्षांच्या, १४ कोटी ४० लाखांच्या कराराचं ओझं उतरवायचं होतं. पण त्या करारात त्याला दहा क्लबांची नावं देण्याचा हक्क होता, जिथे त्याच्या संमतीशिवाय त्याला पाठवता येणार नाही. वॉशिंग्टन त्या यादीत होतं. तो नाही म्हणाला. तळाला गेलेल्या संघात कोण जाईल? मग त्याला बॉस्टनला पाठवण्यात आलं आणि त्याच्या जागी व्हॉइटने वॉशिंग्टनची वाट धरली. कोट्यवधींचे सौदे करणाऱ्या दोन क्लबांना कागदावरच्या एका कलमाने ताटकळत ठेवलं, हे वाचायला मला तरी फार गोड वाटतं.

पहिला, दुसरा, तिसरा

पहिला ऑक्टोबर, २०२२. सोटो आल्यावर दहा दिवसांत पाद्रेसचा दुसरा मोठा खेळाडू फर्नांडो टाटिस ज्युनियर उत्तेजक चाचणीत सापडला आणि ८० सामन्यांसाठी बाहेर गेला. ज्या जोडीसाठी हा खटाटोप, ती जोडी त्या वर्षी एकत्र मैदानात उतरलीच नाही. सोटोही थंड होता: पाद्रेसकडून ५२ सामन्यांत .२३६ आणि ६ होमरन. बेलची तर दशा झाली. वॉशिंग्टनमध्ये .३०१ ने मारणारा हा गडी इकडे .१९२ वर आला. तरीही संघ प्लेऑफमध्ये पोचला, मेट्सना हरवलं, मग १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना ३-१ ने घरी पाठवलं. सॅन डिएगोत त्या रात्री जे झालं ते त्या शहराने चोवीस वर्षं पाहिलं नव्हतं. पुढच्या फेरीत फिलाडेल्फियाने त्यांना ४-१ ने संपवलं. शेवटचा घाव घातला तो हार्परने, वॉशिंग्टनमधून सुटून गेलेल्या आधीच्या पोराने.

दुसरा ऑक्टोबर आलाच नाही. २०२३ मध्ये सोटो १६२ पैकी १६२ सामने खेळला, ३५ होमरन, १०९ रन बॅटेड इन (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेले रन), १३२ वॉक. मान्नी मचाडो, झँडर बोगार्ट्स, टाटिस, सगळे एका संघात. मैदानात वर्षभरात ३२ लाखांहून अधिक लोक आले, क्लबच्या इतिहासातला उच्चांक. आणि निकाल ८२ विजय, ८० पराभव, प्लेऑफ नाही. एका रनने ठरलेल्या सामन्यांत ९ विजय आणि २३ पराभव, बरोबरीमुळे जादा इनिंगमध्ये गेलेल्या सामन्यांत २ आणि १२. याचं समाधानकारक कारण देणारा मला अजून भेटलेला नाही. बुलपेन (नंतर येणारे राखीव पिचर), नशीब, ड्रेसिंग रूममधलं वातावरण, ज्याने त्याने आपल्या आवडीचं घ्यावं. काही वर्षं अशीच असतात असं म्हटलं की विश्लेषकांना राग येतो, पण मला त्याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

त्याच वर्षी मेमध्ये पाद्रेसचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिनीच्या कंपनीने पैसे थकवले आणि लीगला स्वतः प्रक्षेपण हाती घ्यावं लागलं. टीव्हीचं ठरलेलं उत्पन्न गेलं. नोव्हेंबरमध्ये साइडलर वारले. खर्चाची भूक ज्यांची होती तेच राहिले नाहीत. पुढच्या वर्षी सोटोचा पगार लवादाच्या हिशोबाने ३ कोटींच्या पुढे जाणार होता आणि तो ठरला ३ कोटी १० लाख.

म्हणून तिसरा ऑक्टोबर विकला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये सोटो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. सोबत ट्रेंट ग्रिशम. बदल्यात मायकेल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी व्हास्केझ हे चार पिचर आणि कॅचर काइल हिगाशिओका. यांकीजच्या पदरात एकच हंगाम पडत होता, पण त्यांनी तो पुरेपूर वसूल केला. ४१ होमरन, आणि अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत क्लीव्हलँडमध्ये दहाव्या इनिंगला तीन रनांचा होमरन, ज्याने यांकीज पंधरा वर्षांनी वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. तिथे डॉजर्सनी त्यांना ४-१ ने हरवलं, आणि सोटो फ्री एजंट होऊन मेट्सकडे गेला.

सोटोला सोडून पाद्रेस बुडतील अशी भाकितं होती. २०२४ मध्ये ते ९३ सामने जिंकले. किंगचा ईआरए २.९५, म्हणजे नऊ इनिंगमागे तीनपेक्षा कमी रन. हिगाशिओकाचे १७ होमरन. थॉर्पला पाद्रेसच्या जर्सीत एक सामनाही खेळावा लागला नाही. मार्चमध्येच त्याला इतर काही पोरांसह शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन प्रेलरनी पिचर डिलन सीस आणला. प्लेऑफमध्ये त्यांनी डॉजर्सना पाचव्या सामन्यापर्यंत खेचलं. २०२३ मध्ये सोटोसकट जे जमलं नाही ते सोटोच्या किमतीने जमलं.

ती पाच पोरं

आता वॉशिंग्टनकडे येऊ. इथे हिशोब जास्त बोचरा आहे.

पाच प्रॉस्पेक्टमधून एक तरी नियमित खेळाडू निघाला तर ट्रेड बरा झाला, असं या धंद्यातले लोक मानतात. वॉशिंग्टनच्या हाती तीन लागले. एब्रम्स त्या वेळी एकवीस वर्षांचा, पाद्रेसकडे .२३२ वर धडपडत होता. २०२३ मध्ये त्याने ४७ बेस चोरले, २०२४ मध्ये २० होमरन मारून ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात निवडला गेला. त्याच सप्टेंबरमध्ये शिस्तीच्या कारणावरून त्याला मायनर लीगमध्ये धाडलं गेलं, तेही आलंच. गोर कोपराच्या दुखण्यासह आला आणि त्या हंगामात वॉशिंग्टनसाठी एकही चेंडू टाकू शकला नाही. २०२५ मध्ये तोही ऑल-स्टार. आणि वुड, सौद्याच्या वेळी एकोणीस वर्षांचा, सहा फूट सात इंच, सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर खेळणारा. जुलै २०२४ मध्ये त्याने पदार्पण केलं. २०२५ मध्ये ३१ होमरन आणि २२१ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. एका हंगामातला स्ट्राइकआउटचा विक्रम २२३ आहे, म्हणजे तो दोन पावलांवर थांबला. त्या जूनमध्ये एंजल्सनी त्याला एकाच सामन्यात चार वेळा जाणूनबुजून वॉक दिला. २००४ मधल्या बॅरी बाँड्सनंतर हे कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

हॅसेल सौद्याच्या वेळी पाद्रेसच्या मायनर लीगमधला सर्वांत नावाजलेला. हाताचं हाड मोडलं, ताकद हरवली, मेजर लीगमध्ये यायला २०२५ चा मे उजाडला, आणि त्या वर्षी बॅट तशी बोलली नाही. सुसाना २०२५ संपेपर्यंत मायनर लीगमध्येच.

पाचातून दोन ऑल-स्टार आणि एक वुड, जो २०२५ मध्ये तिसरा ऑल-स्टार झाला. याहून चांगला अंदाज कुणी काय बांधणार? आणि तरी संघ कुठे होता: २०२३ मध्ये ७१ विजय, २०२४ मध्ये ७१, २०२५ मध्ये ६६. ६ जुलै २०२५ रोजी रिझ्झो आणि मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ, २०१९ च्या विजयाचे दोघे शिल्पकार, एकाच दिवशी काढले गेले.

ज्या माणसाने बाजारातून तीन खरे हिरे उचलले त्याचीच नोकरी गेली, कारण हिऱ्यांभोवतीचं कोंदण त्याला घडवता आलं नाही. शर्झर-टर्नरच्या सौद्यातला जोसाया ग्रे कोपराच्या शस्त्रक्रियेत अडकला, कॅचर केबर्ट रुईझ अपेक्षेइतका वाढला नाही, ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) स्वतःचे पिचर निघेनात, आणि मालकांनी फ्री एजंटवर फारसा खर्च केला नाही. स्वस्त तरुण खेळाडूंचा फायदा हाच की वाचलेला पैसा इतरत्र लावता येतो. तो लावलाच नाही तर स्वस्ताई कुणाच्या खिशात जाते ते वेगळं सांगायला नको. वॉशिंग्टनच्या चाहत्यांचा राग रिझ्झोवर निघाला. माझ्या मते तो एक मजला वर निघायला हवा होता.

२०२५ च्या जुलैत ट्रेडची मुदत जवळ आली तेव्हा बाजारात पुन्हा वॉशिंग्टनच्या एका खेळाडूचं नाव फिरत होतं. गोर. एजंट बोरास, ताब्यात २०२७ पर्यंत, म्हणजे पुन्हा तीन ऑक्टोबर शिल्लक. मुदत संपली तेव्हा तो जागेवरच होता.

या प्रकरणातला एक दिवस मात्र सगळ्या बाजू एकत्र दाखवतो. २५ जुलै २०२४, पुन्हा नॅशनल्स पार्क. पाहुणे पाद्रेस. त्यांच्याकडून पिच करत होता डिलन सीस, ज्याच्यासाठी थॉर्प दिला होता, जो सोटोच्या बदल्यात आला होता. वॉशिंग्टनच्या संघात तेव्हा एब्रम्स आणि वुड दोघंही होते. सीसने ११४ चेंडू टाकले, नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिला नाही, आणि पाद्रेस ३-० ने जिंकले. क्लबच्या इतिहासातला हा दुसराच नो-हिटर. सोटो तेव्हा यांकीजकडे होता.